कपाटरावांचा तिसरा खण

६ जानेवारी, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलंय, कारण आयुष्यात पहिल्यांदा लिहिण्यासारखं काहीतरी घडतंय. इतकी वर्षं मी पडद्याआडून ओरडलो. परभाषेतल्या सिनेमांतले मरणारे गुंड, गर्दीतलं 'पळा पळा', औषधाच्या जाहिरातीतला खोकणारा म्हातारा (तेव्हा मी पस्तिशीचा होतो!) आणि शहरातल्या निम्म्या लिफ्ट. 'दार बंद होत आहे. चौथा मजला.' तो मीच. लोक रोज माझं ऐकतात आणि आपापल्या मजल्यावर उतरून जातात.

आता मात्र खरीखुरी भूमिका. 'सामान सांभाळून' नावाची नवी मालिका, दर शुक्रवारी रात्री आठ वाजता. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर लोकांचं घरसामान हलवणारं खटारा यान, त्याची भांडकुदळ कॅप्टन, कॅप्टनची सासू आणि मी. मी म्हणजे एक बोलणारं लोखंडी कपाट. कुणीतरी पोचवायला दिलं आणि घ्यायला कुणी आलंच नाही, तेव्हापासून यानातच पडून आहे. सगळे त्याला कपाटराव म्हणतात. कपाटराव दिवसभर कुरकुरतो, सगळ्यांना अक्कल शिकवतो आणि त्याचा तिसरा खण काही केल्या उघडत नाही. त्यात काय आहे ते शेवटच्या भागात कळणार.

हिला हे सगळं सांगितलं, तर शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मग तुम्हाला अभिनय असा काही करावाच लागणार नाही."

यापलीकडे ती काही बोलणार नाही आणि तिनं बोलूही नये. आमच्या घरचा नियम आहे तो. लग्न झालं त्या वर्षी हिनं रेडिओवरची माझी एक जाहिरात ऐकली आणि शेजारपाजारी कौतुक करत सुटली. दुसऱ्या दिवशी माझा आवाज जो बसला तो आठवडाभर उठला नाही. हातची दोन कामं गेली. तेव्हाच मी बजावलं, माझं काम घरच्यांनी ऐकायचं नाही, आणि ऐकलंच तर बोलायचं नाही. लोक हसतात, पण आवाजावर पोट असलेल्या माणसाला असलं सगळं पाळावंच लागतं.

९ जानेवारी, गुरुवार

रेकॉर्डिंग झकास झालं. स्टुडिओत कपडे मऊ लागतात, कडक कापडाची सळसळसुद्धा माइक पकडतो. माझा तो निळा सुती शर्ट त्यासाठीच राखून ठेवलाय. पण त्याची प्लास्टिकची बटणं स्टँडला लागून टकटक करायची. हिनं ती सगळी उसवली आणि त्याच शर्टाच्या खिशाचं कापड काढून मढवलेली बटणं लावून दिली. एक उरलं ते तिच्या डब्यात गेलं. काचेपलीकडचा साउंडवाला म्हणाला, "काका, आज तुमचा शर्ट गप्प आहे." बायको शिवणकाम करते त्याचा एवढा तरी फायदा.

११ जानेवारी, शनिवार

काल पहिला भाग झाला. ही आठच्या ठोक्याला उठली आणि खालच्या मजल्यावर बहिणीकडे निघाली. म्हणाली, "असलं मेलं डबडं कोण बघत बसणार!" नियम तो नियम, पण एवढं नाक मुरडायची गरज नव्हती. मी एकट्यानंच बघितलं.

आज सकाळी मोबाइलवर मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप सापडला. नाव 'सामानवाले'. मी 'एक प्रेक्षक' या नावानं आत शिरलो. बापरे, काय काय लिहितात लोक!

'यानाचं दार हलतंय की हो. पुठ्ठ्याचं आहे काय?'

'यात विज्ञान कुठे आहे? शून्य गुरुत्वाकर्षणात सासूबाईंचा पदर खाली कसा राहतो?'

'अरे बाबा, सासूबाईंच्या पदराला गुरुत्वाकर्षण लागत नाही.'

'कपाटराव म्हणजे आमचे बाबा. तोच सूर, तीच कुरकुर. मी आणि भाऊ हसून हसून लोळलो.'

एकाला आवडलं नाही. लिहितो, 'ते कपाट फार बोलतं.' जेवताना तेच डोक्यात घोळत होतं. आणि मग 'तिसरा खण' असं नाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं होतं ते वाचलं. 'कपाटरावांचं ते "हो" ऐकलंत का? मनात नसताना म्हटलेलं हो आहे ते. मेलं पोटात कालवलं.'

त्या 'हो'साठी मी स्टुडिओत नऊ वेळा भांडलो होतो! दिग्दर्शकाला ते नुसतं विनोदी हवं होतं. माझं म्हणणं होतं, जरा थांबून म्हणतो. ते थांबणं जगात एका माणसाला ऐकू गेलं. अंगावर मूठभर मांस चढलं. कॉलेजातलं कुणी पोर असणार. नावाशेजारी चित्र म्हणून कसला तरी निळा ग्रह लावलाय, अगदी सुती कापडाचा पोत असलेला. हल्ली कॉम्प्युटरवर काय वाटेल ते करतात.

१८ जानेवारी, शनिवार

'तिसरा खण' यांचं आजचं: 'कॅप्टन रागावली तेव्हा कपाटराव काहीच बोलले नाहीत, नुसता श्वास सोडला. घरात असा श्वास ऐकलेल्या माणसालाच कळेल तो.'

हिला वाचून दाखवावंसं फार वाटलं. पण नियम. आणि ही तरी काय, मी मोबाइल घेऊन हसत होतो तर साधं विचारलंही नाही का हसता म्हणून. काजं करत बसली होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

रेकॉर्डिंगला आवाज खरखरला. साउंडवाला म्हणाला, "काका, आज घशात वाळू आहे." मी म्हटलं, तुमच्या एसीची धूळ आहे. गरम पाणी, गुळण्या, सगळं केलं. ही म्हणाली, "डॉक्टरला दाखवून या. महिनाभर बघतेय मी, सकाळी उठता तेव्हा तुमचा आवाज फुटत नाही." एवढं तिचं लक्ष कुठं असतं कोण जाणे. पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

ग्रुपवर नुसता धुमाकूळ! लोकांना खरखर ऐकू आली आणि त्यांनी तिचा अर्थही लावून टाकला. एकानं लिहिलं, 'लक्षात आलं का? कपाटराव गंजतायत! लेखकांनी काय बारीक धागा सोडलाय!' झालं. शेकडो लोक त्यावर तुटून पडले. तिसऱ्या खणात पाणी शिरलंय इथपासून कपाटराव शेवटच्या भागात मरणार इथपर्यंत. एका बाईनं तर मागचे सगळे भाग परत ऐकून गंज कुठल्या संवादापासून सुरू झाला ते शोधून काढलंय.

दुपारी दिग्दर्शकाचा फोन. पोरगेलाच आहे, मला मुलगा असता तर याच वयाचा असता. "काका, काय कमाल केलीत! आमच्या डोक्यातही नव्हतं हे. आता हे सोडायचं नाही. दर भागात थोडा थोडा गंज वाढवत न्यायचा."

मी म्हटलं, वाढवतो की. घसा दाखवायचा राहूनच गेला, आणि आता दाखवून बरा करून घेतला तर पंचाईत.

८ फेब्रुवारी, शनिवार

मंगळवारी स्टुडिओत मुद्दाम घसा ताणून गंज दिला. घरी आलो तेव्हा थुंकीसुद्धा गिळवेना. पण ग्रुपवर एकच जल्लोष. 'आजचा गंज ऐकून काटा आला.' 'या कलाकाराला बक्षीस द्या.' माझ्या नावाची चौकशी चालली होती, कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणे मशीनचा आवाज आहे.

फक्त 'तिसरा खण' यांचा सूर वेगळा. 'मला हा गंज खोटा वाटत नाही. किती ते ताणायचं? कुणीतरी या माणसाला डॉक्टरकडे न्या हो.' लोकांनी फार टिंगल केली. 'माणूस नाही ते, कपाट आहे! डॉक्टर नको, सुतार बोलवा.' 'लोखंडी आहे, लोहार बोलवा.' मलाही हसू आलं, पण हसताना कळ आली.

संध्याकाळी ही दाराशी उभी राहून म्हणाली, "उद्या मी तुमच्याबरोबर येते डॉक्टरकडे. किती ते ताणायचं?" मी ओरडलो तिच्यावर. ओरडलो म्हणजे काय, फुसफुसलो. मालिका संपू दे, मग जाऊ म्हटलं. इतक्या वर्षांनी लोक माझी वाट बघतायत आणि हिला गुळण्यांचं पडलंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल बेसिनमध्ये रक्त पडलं. हिनं बघितलं. पायांत चपला घातल्या आणि दार उघडून उभी राहिली. मी मागोमाग गेलो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काय लिहू.

डॉक्टर सरळ बोलला, त्याबद्दल त्याचे आभारच. गाठ आहे, वाईट आहे, पसरली आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मी विचारलं, म्हणजे आवाज? तो म्हणाला, जीव वाचायला हवा ना काका आधी. मानेला एक भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. मी परत विचारलं, आवाज? त्यानं मान हलवली.

लवकर आला असतात तर, असंही म्हणाला. मी मनात हिशोब केला. ते 'लवकर' ज्या दिवसांत होतं त्या दिवसांत मी घसा ताणून गंज वाढवत होतो आणि माणसं टाळ्या वाजवत होती.

हिनं तिथं एक भलताच प्रश्न विचारला. "डॉक्टर, हे कशानं होतं? कुणाच्या काही बोलण्यानं वगैरे..." डॉक्टर हिच्याकडे बघतच राहिला. "बोलण्यानं? छे हो. तंबाखू, धूर, कधी काहीच कारण नसतं." घाबरली की ही काय वाटेल ते विचारते. रिक्षात घरापर्यंत माझा हात धरून बसली होती.

मरणाची भीती वाटतेय का? वाटतेय. पण खरं लिहायचं तर त्याहून मोठी भीती ही की यापुढं मी कोण? पानवाल्यापासून दिग्दर्शकापर्यंत सगळे मला आवाज म्हणूनच ओळखतात.

१ मार्च, शनिवार

कालच्या भागावर 'तिसरा खण' यांनी काहीच लिहिलं नाही. पहिल्यांदाच. कंटाळले असतील. पोरांचं काय, आज एक, उद्या दुसरं. तरी मी दुपारपर्यंत दहा वेळा बघितलं. बुधवारपासून माझ्यात जे काही कोसळतंय त्यात हीही एक वीट. ते एक पोर लिहीत होतं तोवर वाटायचं, कुणीतरी ऐकतंय.

ही पण घरात बोलेनाशी झालीये. मशीनसुद्धा बंद असतं.

५ मार्च, बुधवार

दिग्दर्शकाला सगळं सांगितलं होतं. चांगला पोरगा आहे, रडला फोनवर. म्हणाला, "शेवटचा भाग लिहून तयार आहे. तुमचा संवाद ऑपरेशनच्या आधी घेऊन टाकू. तिसरा खण तुम्हीच उघडायचा, काका."

गेला आठवडाभर याच एका संवादासाठी जगत होतो म्हटलं तरी चालेल. तो असा आहे. सासूबाई एक लाथ घालतात आणि खण उघडतो. आत काहीच नसतं. सगळे हसतात. मग कपाटराव म्हणतो, 'रिकामाच होता. मीच आतून धरून ठेवायचो. बंद आहे म्हणून रोज कुणीतरी येऊन ओढून बघायचं. तेवढीच सोबत.'

निळा शर्ट घातला. माइकसमोर उभा राहिलो. तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. परत. परत. पाणी प्यालो, परत. 'रिकामा'तला 'रि'सुद्धा उमटेना. काचेपलीकडे साउंडवाल्यानं हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि टेबलावरच्या तारा उगाच नीट करत बसला. तेव्हा कळलं, संपलं.

बाहेर येताना दिग्दर्शक म्हणाला, एक नकला करणारा मुलगा आहे, तुमचा आवाज हुबेहूब काढतो, शेवटचे दोन भाग त्याच्याकडून घेऊ. तुमची हरकत नसेल तर. मी मान हलवली. दुसरं करणार काय, हरकत घ्यायलासुद्धा आवाज लागतो.

घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडलो. रडण्यालाही आवाज नाही. ही पाठीवरून हात फिरवत बसली होती. तोंडातून एक शब्द काढला नाही तिनं. मला शब्द हवा होता.

७ मार्च, शुक्रवार

हॉस्पिटलात दाखल. ऑपरेशन उद्या. लिफ्टमध्ये शिरलो आणि दार बंद होताना वरच्या स्पीकरमधून मीच बोललो, 'दार बंद होत आहे.' किती तरणा आवाज! आम्हाला जायचं होतं चौथ्यावर आणि हिनं सगळ्या मजल्यांची बटणं दाबून ठेवली. पहिला मजला. दुसरा मजला. तिसरा मजला. प्रत्येक मजल्यावर दार उघडायचं, बाहेर कुणी नाही. ही डोळे मिटून उभी. वॉर्डबॉय वैतागला, मी हातानंच माफी मागितली. घाबरली की हिचा असा गोंधळ उडतो.

२० मार्च, गुरुवार

घरी आलो. मानेला भोक आहे, त्यावर जाळीचा रुमाल. हिनंच शिवलाय, बारीक टाके घालून. बोलायला मुलांची असते तसली पांढरी पाटी आणि स्केचपेन. 'पाणी' लिहायचं, पुसायचं. 'नको' लिहायचं, पुसायचं. भांडण करायचं तर तीन ओळींत पाटी भरते आणि तोवर राग निघून जातो.

आज वाटलं, त्या टेबलावरून उठलोच नसतो तर बरं झालं असतं. हे इथंच लिहितो, पाटीवर नाही लिहिणार.

२४ मार्च, सोमवार

मेहुणी वर आली होती. ही बाजारात गेली होती. मेहुणी इकडं तिकडं बघून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही ताईला एकदा सांगा ना, तिच्यामुळे नाही झालं म्हणून. रोज येऊन रडते माझ्याकडे. म्हणते, मी नियम मोडला."

मी पाटीवर लिहिलं, 'कुठला नियम?'

तेवढ्यात दारात पावलं वाजली आणि मेहुणी चहाची कपबशी उचलून आत पळाली. काही बोध झाला नाही. गाठीचा आणि हिचा काय संबंध? बायकांच्या डोक्यात काय काय शिरतं. उलट माझ्या वागण्यानंच तिला त्रास झाला असेल.

२९ मार्च, शनिवार

काल शेवटचा भाग झाला. मी बघितला. आठ वाजता ही खाली निघाली होती, मी तिचा पदर धरून बसवलं. आता कसला नियम आणि काय. पहिल्यांदाच दोघं शेजारी बसून बघत होतो. तो मुलगा फार हुशार आहे, तोच आवाज, तीच खरखर. खण उघडला, सगळे हसले, मग तो बोलला. घडाघडा बोलून गेला. ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

आज सकाळी ग्रुप उघडला. 'काय शेवट केलाय!' 'रडवलंत कपाटराव.' 'आजवरचा सगळ्यात भारी भाग.' 'आवाज तर आज नेहमीपेक्षाही छान लागला.' खाली खाली जात राहिलो. शेकडो माणसं. गंज कुठल्या संवादापासून सुरू झाला ते शोधून काढणारी बाईसुद्धा, तिनं लिहिलंय, 'शेवटपर्यंत एकसारखा आवाज, सलाम!' माझ्या जागी दुसरा आला आणि माझ्या एकाही माणसाला पत्ता नाही. एवढी वर्षं वाटायचं, माझ्या आवाजात काहीतरी आहे. काही नव्हतं. कुणीही चाललं असतं. मोबाइल पालथा घातला आणि भिंतीकडे बघत पडून राहिलो.

दुपारी परत उघडला. कशाला कोण जाणे, सवय. सगळ्यात खाली, नुकतंच आलेलं, तो निळा ग्रह.

'हा तो नाही. तो "रिकामाच होता" म्हणायच्या आधी थांबला असता. मला तो दुसरीकडे कुठंही ऐकू आला तरी ओळखू येतो, लिफ्टमध्येसुद्धा. माफ करा, मी आता यावर कधी लिहिणार नव्हते, माझ्या लिहिण्यानं वाईट होतं. पण हा तो नाही एवढं सांगितल्याशिवाय राहवेना.'

तीनदा वाचलं. पोर नव्हे, कुणी बाई आहे. आणि थांबलो असतो! शंभर टक्के थांबलो असतो! मी तिथं थांबायची घरी आरशासमोर तालीम केली होती. सगळ्या जगात एका बाईला कळलं. लिफ्टमधलासुद्धा आवाज तिनं ओळखलाय, कुठल्या इमारतीत राहते कोण जाणे.

मी आजवर तिथं एक अक्षर लिहिलं नव्हतं. आज लिहिलं. जसंच्या तसं इथं उतरवून ठेवतो:

'ताई, तुमचं बरोबर आहे, तो मी नव्हे. खरा कपाटराव मी. माझा आवाज आजारानं गेला, कायमचा. तुमच्या लिहिण्यानं वाईट झालं असं पुन्हा म्हणू नका. तुम्ही डॉक्टरकडे न्या म्हणालात ते मी ऐकलं नाही, ते वाईट झालं. आवाज जो काही महिनाभर टिकला तो शनिवारी तुम्ही काय लिहाल या ओढीनं टिकला. इतकी वर्षं मला वाटायचं, माझं कौतुक झालं की आवाज जातो. ताई, कौतुकावर तर तो चालत होता.'

पाठवलं. पलीकडच्या खोलीत ही आज कितीतरी दिवसांनी मशीनवर बसली होती. मध्येच तिचा मोबाइल वाजल्यासारखं झालं आणि मशीन थांबलं. पुन्हा सुरू होईल म्हणून वाट बघतोय, पण होत नाही. दोरा तुटला असेल, नाहीतर सुई. मगाशी काहीतरी खाली पडल्याचाही आवाज आला, बटणांचा डबा असावा.

इथून हाक मारायची सोय राहिली नाही. उठून जाऊनच बघायला हवं.